डुक्कर दाखवायला पाहिजे होतं

लिहायला बसलो आहे, त्याबद्दल आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी चार ओळींपेक्षा जास्त लिहिलेलं नाही, आणि त्या चार ओळीही अर्जाच्या होत्या. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या उतारावर आमची वाडी आहे. तिथून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे वाडीतले लोक मला शहाणा समजतात आणि मी त्यांना तसं समजू देतो, हा माझा एक दोष. दुसरा दोष असा की मी सिनेमावर लिहिणार आहे, तेही ज्यांत गाणी नसतात आणि जे संपल्यावर लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघतात अशा सिनेमांवर. असे सिनेमे मी अकरा-बारा पाहिले असतील. एवढ्या शिदोरीवर कोणी लिहू नये. पण कापणी आली की त्यातला एक सिनेमा आठवतोच, आणि तो आठवला की नाकाच्या हाडात आत कुठेतरी ठणकतं.

या वर्षीही कापणी परीक्षेतच आली. महाडच्या एसटी स्टँडवर सकाळी तुडीलकडची गाडी लागली. उतरणाऱ्या माणसांच्या खांद्यावर, केसांत भाताचं कूस होतं. एका बाईनं पदर झटकला आणि तो वास आला, कापलेल्या ओल्या काडीचा, थोडा गोड, थोडा कुजका. हातात नोट्स होत्या. समीक्षेच्या पेपरात 'प्रतीक म्हणजे काय' हा प्रश्न हमखास येतो. मी उत्तर पाठ केलं होतं. वास आल्यावर ते सगळं विसरलो.

पुस्तकांत कापणीचं वर्णन वाचतो तेव्हा मला ती माणसं कुठली असतील असं वाटतं. पिवळं सोनं, डोलणाऱ्या लोंब्या. मी कापणी केली आहे. कापणी म्हणजे मारहाण. डाव्या मुठीत काड्या आवळायच्या, गळा धरावा तशा, आणि विळा ओढायचा. मुळाशी बसलेला बेडूक दिसत नाही. तो मधोमध कापला जातो आणि त्याचे मागचे पाय थोडा वेळ एकटेच उड्या मारायचा प्रयत्न करतात. पात्याला पातीचं हिरवं आणि दुसरंही काही लागतं, ते आपण चिखलात पुसतो आणि पुढं जातो. मग झोडणी. पेंढी दोन्ही हातांनी डोक्यामागे न्यायची आणि फळीवर आपटायची, दाणा सुटेपर्यंत, परत परत. मला झोडणी आवडते हे मी इथे कबूल करतो. वर्षभराचा सगळा राग त्या फळीवर निघतो, आणि संध्याकाळी कोणाबद्दल काही वाटेनासं होतं.

कापणी कडेनं आत सरकत जाते. जनावरंही आत आत सरकतात. उंदीर, साप, ससा, कधी कधी रानडुक्कर. शेवटी ओढ्याकाठचा एक पट्टा तेवढा उभा राहतो आणि जे काही जिवंत असतं ते त्यात असतं. आमच्याकडे तो पट्टा न्याहारीनंतर कापतात, आणि त्याला एक रीत आहे. एक जण वाकून, हातात विळा घेऊन आत शिरतो. त्याच्या मागे दुसरा कोयती घेऊन उभा राहतो. पुढच्यानं सतत हाळी देत जायची, 'हो… हो…', म्हणजे मागच्याला कळतं की माणूस कुठे आहे. हाळी जिथून येते तिथे माणूस. बाकी जे हलेल त्यावर कोयती पडली तरी चालते. हाळी तोडायची नाही, एवढाच नियम.

हा नियम एकदा तुटला होता, नऊ वर्षांपूर्वी. तुटल्याची गोष्ट माझे थोरले चुलते, तात्या, दर वर्षी त्या न्याहारीला सांगतात. मी तेव्हा सहावीत होतो आणि त्या सकाळी शाळेत होतो, म्हणून मला जी माहीत आहे ती तात्यांचीच गोष्ट. भाकरीवर ठेचा घेऊन ते बांधावर पाय लांब करतात, उजव्या मांडीवरचं धोतर जरा वर सारतात आणि सुरू होतात.

"म्होरं मी, मागं दिलीप. हाळी देत चाललोय. आणि मंग मला वास आला. डुकराचा वास कसा? ओल्या गोणपाटात कोण तरी मेल्यासारखा. मी म्हटलं, आता हाळी दिली तर पळंल बेटा. म्हणून गप झालो. थितंच चुकलो. आला की अंगावर! केवढा? ती आपली गाभण म्हस हाय ना, तेवढा. माझी मांडी फाडलीन, बांधावर फेकलान मला. मी आपला रामराम म्हणतोय. तवर ह्या पोरानं कोयती हाणलीन. डुकर गेला बोंबलत ओढ्यात. पोरगा होता म्हणून तात्या हाय."

पहिल्या वर्षी ते डुक्कर वासराएवढं होतं. मग म्हशीएवढं झालं. मग त्याचा एक डोळा फुटका निघाला. माझी आई, जिला तात्यांची सगळ्यात जास्त थट्टा करता येते, एका वर्षी म्हणाली, "भावोजी, औंदा शिंगं पण फुटली का त्याला?"

"शिंगं पुढल्या साली गो," तात्या म्हणाले, "सगळं एकदम सांगितलं तर पुढल्या साली तू न्याहारीला येशील काय?"

सगळी माणसं हसत. फक्त दिलीपदादा, तात्यांचा मुलगा, त्या गोष्टीतला वीर, गोष्ट मध्यावर आली की पाणी आणायला उठे. मला वाटायचं, लाजतो. मांडीवरचा तो वण मी किती वेळा पाहिला. सरळ, पट्टी ठेवून रेघ ओढावी तसा.

दादा महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका रसायनांच्या कारखान्यात लागला आणि मी कॉलेजात आलो तेव्हा त्यानं मला बिरवाडीतल्या त्याच्या खोलीत ठेवून घेतलं. खोलीत आम्ही पाच. चौघे पाळीनं जाणारे, मी एकटा पुस्तकवाला. पहिली पाळी सुटून आले की चौघे हातपाय धुऊन एका मोबाइलभोवती बसत आणि मारामारीचा सिनेमा लावत. एक माणूस वीस जणांना मारतो, काच फुटते, डोकं भिंतीवर आपटतं. दादा मनापासून हसायचा. दाढेवर गुद्दा बसला की "आता दात मोजायला खाली वाक रे," असं म्हणायचा आणि खोली दणाणायची.

मी तेव्हा नवा नवा शहाणा होत होतो. कॉलेजात मराठीच्या सरांनी शनिवारी दुपारी सिनेमे दाखवायला सुरुवात केली होती. वर्गाच्या खिडक्यांना घोंगड्या लावून अंधार करायचा, भिंतीवर सिनेमा टाकायचा आणि नंतर तासभर चर्चा. तिथे मला कळलं की सिनेमातला दरवाजा म्हणजे दरवाजा नसतो. पाणी म्हणजे पाणी नसतं. मला ती एक किल्ली मिळाल्यासारखं झालं. आयुष्यात पहिल्यांदा मला असं काही दिसत होतं जे घरात कोणालाच दिसत नव्हतं.

"दादा, ह्यात काय अर्थ आहे सांग," मी त्या मारामाऱ्यांकडे बोट दाखवून म्हणायचो.

"अर्थ नाय, करमणूक हाय." त्यानं एकदा मला हात दाखवला. मनगटाच्या वर आम्लाचे शिंतोडे उडून कातडी पांढरी पडली होती. "आठ तास एका काट्याकडं बघत बसायचं. काटा लाल रेघेला टेकला की पळायचं. टेकत नाय. पण टेकंल असं आठ तास वाटतं. मंग हितं येऊन कोणतरी कोणाला तरी उचलून आपटतो. बरं वाटतं. हिथं डुकर असला तर दिसतो, नसला तर नसतो. तुमच्या पिच्चरमधी काय असतं?"

"असतं. बघायला यायला पाहिजे."

"मारामारी हाय काय?"

त्या शनिवारी जो सिनेमा होता त्याबद्दल सरांनी आधी सांगितलं होतं, म्हणून मी म्हणालो, "हाय. डुक्कर पण हाय."

त्याची सुट्टी होती. इस्त्रीचा शर्ट घालून तो माझ्यामागून वर्गात आला आणि शेवटच्या बाकावर चोरासारखा बसला. सरांनी त्याला मुद्दाम पुढे बोलावलं. "यांनी शेतात काम केलंय. यांचं मत आपल्याला पाहिजे," म्हणाले. दादा लाल झाला. पण आवडलं त्याला. मला माहीत आहे, आवडलं.

सिनेमा दुसऱ्या कुठल्या डोंगरमुलखातला होता. भाषा कळत नव्हती, खाली इंग्रजी अक्षरं. एक माणूस आपलं पीक डुकरापासून राखतो. एवढंच. वीस मिनिटं तो कुऱ्हाडीला धार लावतो. पीक हलतं, तो बघतो. वाऱ्यानं हललं की कशानं, कळत नाही. बायकोशी भांडतो, एकदा तिला ढकलतो, ती चुलीवर पडते. परत पीक हलतं. वर्गात जांभया सुरू झाल्या, कोणीतरी शिट्टी मारली. मी दादाकडे पाहिलं. तो पुढे वाकला होता. बाकाची कड दोन्ही हातांनी धरली होती. शेवटी तो माणूस कुऱ्हाड घेऊन पिकात शिरतो, मागे त्याची सगळी माणसं. कुठलाही आवाज नाही. आणि शेजारून दादा पुटपुटताना ऐकू आला, "हाळी दे. अरे हाळी दे, भाड्या." मला हसू आलं. पडद्यावरच्या माणसानं कुऱ्हाड उचलली. पीक जोरात हललं. कुऱ्हाड पडली, परत पडली, परत. ओल्या लाकडावर पडावी तसा आवाज. मग तो ओढ्यावर कुऱ्हाड धुताना दिसतो. पाणी लाल होतं, मग साफ होतं. काय मेलं ते दाखवतच नाहीत. दिवे लागले.

"म्हणजे मारलं काय?" एकानं विचारलं आणि सगळे हसले.

चर्चा रंगली. अर्धा वर्ग म्हणाला, फसवणूक आहे, दीड तास बसवलं आणि डुकराची शेपटीसुद्धा नाही. सर म्हणाले, करमणूक म्हणजे हवं ते मिळणं असेल तर हा सिनेमा करमणूक करत नाही, पण आपण सगळे शेवटची दहा मिनिटं श्वास रोखून होतो, त्याला काय म्हणायचं? मग त्यांनी दादाला विचारलं. दादा उभा राहिला. शाळेत उभं राहतात तसा, हात बाजूला लावून.

"डुक्कर दाखवायला पाहिजे होतं," तो म्हणाला.

"का?"

"नाय दाखवलं तर लोक काय पण म्हणतील."

लोक परत हसले. तुडीलची एक मुलगी, आमच्यात सगळ्यात हुशार, म्हणाली, "सर, मला वाटतं डुक्कर नव्हतंच. ते त्याच्या मनातलं होतं. त्यानं माणूसच मारला असेल." सरांनी मान हलवली, छान, म्हणाले. आणि मला राहवलं नाही. ते 'छान' मला पाहिजे होतं.

मी उठलो. मी म्हणालो, सर, हे आमच्या घरात घडलंय. आणि मी तात्यांची गोष्ट सांगितली, अख्ख्या वर्गाला, चांगली रंगवून. म्हशीएवढं डुक्कर, फुटका डोळा. लोक हसले तिथे थांबलो सुद्धा. मग आवाज खाली आणून म्हणालो की ते डुक्कर दर वर्षी वाढतं, याचा अर्थ काय? आमच्या वाडीची सगळी भीती त्या डुकरात आहे. ते प्रतीक आहे. "खरं सांगायचं तर, सर, कदाचित तिथेही डुक्कर नव्हतंच."

पहिला फटका कानाखाली बसला. दुसरा नाकावर. सिनेमातला गुद्दा ढिशूम वाजतो. खरा वाजतच नाही, आपल्याच डोक्याच्या आत काहीतरी कट्कन मोडल्याचं ऐकू येतं, बस्स. मी बाकांच्या मध्ये पडलो आणि तो माझ्या छातीवर बसला. त्याचा चेहरा मी कधी पाहिलेला नव्हता असा झाला होता.

"डुकर व्हता! बोल, व्हता! बोल!"

"व्हता, दादा," मी म्हणालो. तोंडात रक्त आलं होतं, गरम, खारट. "व्हता. व्हता."

तीन मुलं आणि सर मिळून त्याला ओढत होते तरी तो सुटत नव्हता. मग स्वतःच उठला. हाताकडे बघितलं, इस्त्रीच्या शर्टाला हात पुसले आणि घोंगडी बाजूला करून बाहेर गेला. घोंगडी सरकली तिथून उन्हाचा मोठा पट्टा आत आला आणि फरशीवरचं माझं रक्त सगळ्यांना दिसलं. सर खाली बसून स्वतःच्या रुमालानं माझं नाक धरत होते.

मी खोलीवर पोहोचलो तेव्हा त्याची बॅग नव्हती. खेडच्या बाजूला कुठल्यातरी कारखान्यात लागला असं नंतर कळलं. मी मेसेज पाठवले. दादा चुकलो. दादा, घरची गोष्ट बाहेर सांगितली. निळ्या खुणा उमटायच्या, उत्तर यायचं नाही. दोन कापण्या झाल्या, तो वाडीला आला नाही. तात्या अधू पायानं एकटे झोडत राहिले. दोन वर्षं ते न्याहारीला गोष्ट सांगत होते, पण मधूनच रस्त्याकडे बघायचे. डुक्कर वाढायचं थांबलं होतं. तात्या फक्त दादाच्या परत येण्याची वाट बघत होते, आणि दादाचं घरी येणंच मी एका 'छान'साठी तोडलं होतं. घरात मला कोणी बोललं नाही. बाबा मुंबईहून फोनवर फक्त म्हणाले, "शाळा शिकून तोंड उघडायला शिकलास काय?"

मी खूप विचार केला. मला वाटलं, वाडीतला माणूस कॉलेजात नेऊन मी त्याचा तमाशा केला, म्हणून चिडला. त्याचा बाप हास्यास्पद केला, म्हणून चिडला. प्रतीक आणि करमणूक यांच्या भांडणात तो करमणुकीच्या बाजूनं बोलतो आहे असं मी धरून चाललो होतो. समीक्षेच्या वहीत मी त्याचं वाक्यसुद्धा उतरवून ठेवलं होतं: 'सामान्य प्रेक्षकाची अपेक्षा – डुक्कर दाखवायला पाहिजे होतं.' खाली दोन रेघा मारल्या होत्या.

परवा समीक्षेचा पेपर देऊन व्हरांड्यात आलो आणि फोन वाजला. आई. मागे वारा, बायकांचे आवाज, शेतातलंच सगळं.

"दिलीप आलाय," आई म्हणाली. "काल संध्याकाळच्या गाडीनं. कोणाला काय बोलला नाय. सकाळी विळा घेऊन कापायला उतरला."

मी गर्दीतून बाजूला सरकलो.

"ऐकतोस ना? आता न्याहारीला बसलो. भावोजींनी गोष्ट काढली. कोयती हाणलीन म्हणाले तशी दिलीप उभा राहिला. म्हणतो, तात्या, बास. डुकर नव्हता. तुम्ही गप झालात, भात हललं आणि मी हाणली. कोयती तुमाला लागली. माझ्या हातची."

व्हरांड्यात मुलं प्रश्नपत्रिका ताडून बघत होती. मी भिंतीला टेकलो.

"मग? तात्या?"

"भावोजींनी घास चावला, गिळला. मंग म्हणतात, म्होरं कोण व्हता? मी. मागं कोण व्हता? तू. मंग डुकर कोणी बघायचा, मी का तू? व्हता म्हंजे व्हता, म्हशीएवढा. दिलीप खाली बसून रडला रे, पोरासारखा."

"आये, तुला माहीत होतं?"

"मांडी मी धुतली ना तवा. डुकराचा सुळा असा सरळ कापतो काय? वाडीत सगळ्यांना म्हाईत हाय. दिलीपला तेवढं वाटायचं कोणाला म्हाईत नाय. आणि तुला. तू शिकत होतास ना."

नऊ वर्षं अख्खी वाडी त्या बांधावर बसून हसत होती. मी एकटाच गोष्ट ऐकत होतो.

"आता काय चाललंय?" मी विचारलं.

"पट्टा राहिलाय. भावोजी उठले, बांधावरची कोयती स्वतः घेतलीन. म्हणाले, मला वाकवत नाय आता. औंदा तू म्होरं व्हय, मी मागं."

"आणि दादा?"

"गेला की. ऐक."

तिनं फोन शेताकडे धरला असावा. आधी नुसता वारा ऐकू आला. मग विळ्याचा कर्र कर्र आवाज. मग लांबून, भाताच्या आतून, दादाचा आवाज.

हो… हो… हो…

कोयती तात्यांच्या हातात होती. मी कानाला फोन दाबून उभा राहिलो. पट्टा संपेपर्यंत हाळी एकदाही तुटली नाही.